मध्यम श्रेणीचा डीएसएलआर कॅमेरा

मध्यम श्रेणीचा डीएसएलआर कॅमेरा हा नवशिक्यांसाठीचे प्राथमिक कॅमेरे आणि पूर्णवेळ व्यावसायिकांसाठीचे महागडे कॅमेरे यांच्या मधल्या वर्गातील, आरसा व बदलता येणारी लेन्स असलेला डिजिटल कॅमेरा होय. कॅननची ७०डी, ८०डी, ९०डी ही दोन आकडी मालिका आणि निकॉनची डी७०००, डी७२००, डी७५०० ही मालिका या वर्गाची ठळक उदाहरणे आहेत. लग्नसमारंभाचे छायाचित्रकार, लघुपट करणारे विद्यार्थी, वन्यजीवांचे हौशी छायाचित्रकार आणि लहान स्टुडिओ हा या कॅमेऱ्यांचा प्रमुख ग्राहकवर्ग आहे. स्थिरचित्रण आणि चित्रफीत ही दोन्ही कामे एकाच यंत्राकडून करून घ्यायची असल्यास निवड अवघड होते. ही दोन कामे कॅमेऱ्याकडून वेगवेगळ्या, कधी परस्परविरोधी गोष्टींची अपेक्षा करतात. प्रस्तुत लेखात या निवडीचे निकष सोलापूर शहर व परिसरातील उदाहरणांच्या आधारे दिले आहेत.

आरसा आणि चित्रफीत

डीएसएलआरमध्ये लेन्समधून येणारा प्रकाश ४५ अंशांत बसवलेल्या आरशावर पडतो आणि वरच्या प्रिझममधून दृश्यदर्शकात पोहोचतो. त्यातला थोडा प्रकाश तळाशी असलेल्या स्वतंत्र फोकस यंत्रणेकडे वळवला जातो. ही यंत्रणा अतिशय जलद असते. शटर दाबताच आरसा वर उचलला जातो आणि प्रकाश सेन्सरवर पडतो.

चित्रफीत घेताना मात्र आरसा सतत वर राहतो. दृश्यदर्शक काळा पडतो आणि चित्र केवळ मागच्या पडद्यावर दिसते. जलद फोकस यंत्रणेला प्रकाशच मिळत नाही. म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी डीएसएलआरचे सर्वांत मोठे वैशिष्ट्य बंद पडलेले असते आणि फोकसचे सगळे काम सेन्सरवर येते. जाहिरातीत दिलेले फोकस बिंदूंचे आकडे बहुधा आरसा खाली असतानाचे असतात. चित्रफितीच्या दृष्टीने ते निरुपयोगी ठरतात, ही बाब ग्राहकाच्या क्वचितच लक्षात येते.

चित्रफीत घेऊ शकणारा पहिला डीएसएलआर निकॉन डी९० हा २००८ मध्ये बाजारात आला. त्याच वर्षी आलेल्या कॅनन ५डी मार्क टू या पूर्णचौकटी कॅमेऱ्याने पूर्ण एचडी चित्रण शक्य केले. मोठ्या सेन्सरमुळे धूसर होणारी पार्श्वभूमी कमी खर्चात मिळू लागल्याने चित्रपट व दूरचित्रवाणी क्षेत्राचेही त्याकडे लक्ष गेले. सुरुवातीला त्यात सेकंदाला केवळ ३० चौकटींची सोय होती. २४ व २५ चौकटींची सोय २०१० मध्ये सॉफ्टवेअर सुधारणेद्वारे देण्यात आली.

या काळातील बहुतेक कॅमेरे चित्रफितीत कॉन्ट्रास्टवर आधारित फोकस वापरत. लेन्स पुढे-मागे हलवून चित्र कुठे अधिक रेखीव होते हे शोधण्याची ही पद्धत असून, त्यात चित्र मध्येच पुसट होऊन पुन्हा स्पष्ट होते. कॅननने २०१३ मध्ये ७०डी मध्ये आणलेल्या ड्युअल पिक्सेल तंत्रात सेन्सरवरील प्रत्येक पिक्सेल दोन भागांत विभागलेला असतो. त्यामुळे फोकस कोणत्या दिशेला व किती सरकवायचा हे सेन्सरलाच कळते. निकॉनच्या डी७५०० पर्यंतच्या मध्यम श्रेणीत मात्र कॉन्ट्रास्टवर आधारित पद्धतच राहिली. मंडपात चालत येणाऱ्या वधूवर फोकस टिकवायचा असेल तर हा फरक मेगापिक्सेलच्या कोणत्याही आकड्यापेक्षा महत्त्वाचा आहे. हाताने फोकस करण्याची सवय असलेल्यास किंवा कॅमेरा तिपाईवर ठेवून मुलाखती घेणाऱ्यास त्याची फारशी अडचण भासत नाही.

सेन्सरचा आकार आणि ४के

या वर्गातील कॅमेऱ्यांत एपीएस-सी आकाराचा सेन्सर असतो. निकॉनमध्ये तो सुमारे २३.५ × १५.६ मिमी, तर कॅननमध्ये सुमारे २२.३ × १४.९ मिमी असतो. ३६ × २४ मिमीच्या पूर्णचौकटीशी तुलना करता दृश्यकोन निकॉनमध्ये १.५ पट व कॅननमध्ये १.६ पट अरुंद होतो. दूरच्या पक्ष्याचे चित्र घेताना याचा फायदा होतो, तर अरुंद गल्लीत किंवा वाड्याच्या खोलीत तोटा होतो.

चित्रफितीत यात आणखी भर पडू शकते. डी७५०० (२०१७) ४के चित्रीकरण करताना सेन्सरचा केवळ मधला भाग वापरतो आणि दृश्यकोन आणखी १.५ पट अरुंद होतो. १८ मिमीची लेन्स पूर्णचौकटीवरील सुमारे ४० मिमी लेन्सइतके दृश्य दाखवू लागते. घरगुती कार्यक्रमात भिंतीला पाठ टेकवूनही संपूर्ण कुटुंब चौकटीत न मावण्याचे कारण पुष्कळदा हेच असते. ९०डी (२०१९) मध्ये सेन्सरच्या पूर्ण रुंदीत ४के घेता येते. ८०डी (२०१६) मध्ये ४के नाही. पूर्ण एचडीत मात्र सेकंदाला ६० चौकटी मिळतात. मोबाइलवर पाहण्याच्या चित्रफितीसाठी एवढे बव्हंशी पुरेसे असते.

४के घेताना साठवणुकीचाही हिशेब करावा लागतो. ९०डी ची ४के चित्रफीत सेकंदाला सुमारे १२० मेगाबिट, म्हणजे १५ मेगाबाइट जागा घेते. मिनिटाला ९०० मेगाबाइट धरल्यास ६४ गिगाबाइटचे कार्ड सुमारे ७० मिनिटांत भरते. दिवसभराच्या लग्नासाठी लागणारी कार्डे, हार्ड डिस्क आणि संपादनासाठीचा संगणक हा खर्च कॅमेऱ्याच्या किमतीत धरला नाही तर अंदाजपत्रक कोलमडते.

विजेचे दिवे आणि लुकलुक

भारतातील वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने ट्यूबलाइट व अनेक एलईडी दिव्यांचा प्रकाश सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. डोळ्यांना हे जाणवत नाही, पण चित्रफितीत सरकणारे काळे पट्टे दिसतात. कॅमेऱ्याच्या यादीत पाल प्रणाली निवडून सेकंदाला २५ चौकटी आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवल्यास हा दोष सहसा टळतो. परदेशी मार्गदर्शकांतून उचललेली ३० चौकटी आणि १/६० सेकंद ही जोडी ६० हर्ट्झच्या देशांसाठी आहे. ८०डी, ९०डी आणि डी७५०० या तिन्हींत स्थिरचित्रांसाठी लुकलुक टाळण्याची सोय आहे.

सोलापुरात नवी पेठेसारख्या बाजारपेठेत कॅमेरा प्रत्यक्ष हाताळून घेण्याचा हा एक फायदा आहे. दुकानातील दिव्यांखालीच अर्ध्या मिनिटाची चित्रफीत घेऊन ती मोठ्या पडद्यावर पाहिल्यास लुकलुक, फोकसची धावपळ आणि लेन्सच्या मोटरचा आवाज या तिन्ही गोष्टी एकदम तपासता येतात.

कापड, यात्रा आणि माळरान

सोलापूर हे चादरी व टॉवेलांसाठी प्रसिद्ध असून सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे. कापडाच्या विक्रीसाठी छायाचित्रे घेणाऱ्यांना येथे एक खास अडचण येते. विणीची बारीक, नियमित रचना आणि सेन्सरवरील पिक्सेलची रचना एकमेकांवर पडून चित्रात मुळात नसलेले रंगीत तरंग उमटतात. त्याला मॉयरे म्हणतात. ते कमी करण्यासाठी काही कॅमेऱ्यांत सेन्सरसमोर चित्र किंचित मृदू करणारा गाळक असतो. ८०डी व ९०डी मध्ये तो आहे. डी७२०० व डी७५०० मध्ये अधिक तपशिलासाठी तो वगळला आहे. माळरानावरील पक्ष्याच्या पिसांसाठी गाळक नसणे चांगले, तर चादरीच्या नक्षीसाठी असणे चांगले. गाळक नसल्यास अंतर किंवा कोन थोडा बदलून दोष घटवता येतो.

मकर संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या सिद्धेश्वर यात्रेत, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत, कॅमेऱ्याची वेगळीच परीक्षा होते. नंदीध्वजांच्या मिरवणुकीतील मानकरी व भक्त पांढरी बाराबंदी घालतात. चौकटीत पांढरा रंग बहुसंख्य असला की प्रकाशमापक त्याला करडा समजून चित्र काळवंडवतो. अशा वेळी प्रकाश स्वतःहून एक थांबा वाढवावा लागतो. मध्यम श्रेणीतील कॅमेऱ्यांना दोन स्वतंत्र चकत्या असतात. त्यामुळे ही दुरुस्ती डोळा दृश्यदर्शकावरून न हलवता करता येते. प्राथमिक श्रेणीत बहुधा एकच चकती असते. या श्रेणीसाठी जास्त पैसे मोजण्याचे हे एक ठोस कारण मानता येईल.

मिरवणुकीत वाद्यांचा गजर असल्यास अंगभूत मायक्रोफोनचा आवाज फाटतो. म्हणून बाहेरच्या मायक्रोफोनसाठी जोडणी, आवाजाची पातळी हाताने ठरवण्याची सोय आणि तो ऐकण्यासाठी हेडफोनची जोडणी आवश्यक ठरते. ७०डी मध्ये हेडफोनची जोडणी नाही. ८०डी, ९०डी व डी७५०० मध्ये आहे.

उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नज परिसर माळढोक अभयारण्यासाठी ओळखला जातो. या अभयारण्याची स्थापना १९७९ मध्ये झाली. येथे काळवीट व गवताळ प्रदेशातील पक्षी दिसतात आणि ते दूरच ठेवावे लागतात, म्हणून लांब पल्ल्याची लेन्स लागते. ७०–३०० मिमी ही सुरुवात मानावी. १५०–६०० मिमीच्या लेन्स उपयुक्त असल्या तरी वजनदार असतात. सेकंदाला ८ (डी७५००) किंवा १० (९०डी) चित्रे घेण्याचा वेग येथेच कामी येतो. उन्हाळ्यात तापलेल्या जमिनीवरून उठणाऱ्या हवेमुळे दूरचे चित्र थरथरते. हा दोष कोणत्याही किमतीच्या लेन्सने जात नाही. सकाळी लवकर जाणे हाच उपाय आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत लेन्सवर बुरशी येण्याचा धोका कोकणाच्या तुलनेत कमी असला, तरी धूळ सेन्सरवर बसते. लेन्स उघड्या माळावर बदलू नये.

जुना की नवा

२०१८ पासून कॅनन व निकॉन या दोन्ही कंपन्यांनी पूर्णचौकटी आरसाविरहित कॅमेऱ्यांची नवी मालिका सुरू केली आणि पुढे डीएसएलआरची नवी मॉडेले येणे थांबले. ९०डी व डी७५०० यांना डीएसएलआर उत्तराधिकारी मिळाला नाही. केवळ चित्रफितीसाठी कॅमेरा हवा असल्यास आज आरसाविरहित कॅमेरा अधिक योग्य आहे, कारण त्यात आरशाची मूळ अडचणच उरत नाही. डीएसएलआरची बाजू उरते ती वापरलेल्या मालाच्या किमतीत, बॅटरीच्या टिकाऊपणात आणि लेन्सच्या विपुलतेत. ९०डी ची बॅटरी दृश्यदर्शकातून काम केल्यास प्रमाणित चाचणीत सुमारे १३०० चित्रे देते.

वापरलेला कॅमेरा घेताना शटर किती वेळा उघडले आहे हे पाहणे रूढ आहे. कंपन्यांच्या चाचणीनुसार ८०डी चे शटर १ लाख, ९०डी चे १ लाख २० हजार आणि डी७५०० चे दीड लाख वेळा चालण्याइतके टिकाऊ असते. पण चित्रफितीसाठी वापरलेल्या कॅमेऱ्याबाबत हा आकडा फसवा आहे. तासभराच्या चित्रफितीतही शटरची मोजणी जेमतेम वाढते, सेन्सर मात्र तासभर तापलेला असतो. लेन्सवर झाकण ठेवून, संवेदनशीलता वाढवून काही सेकंदांचे चित्र घेतल्यास सेन्सरवरील सदोष ठिपके चमकताना दिसतात. छोट्या छिद्राने कोरे आकाश टिपल्यास धूळ दिसते. नवा कॅमेरा घेताना बिलावरील अनुक्रमांक कॅमेऱ्यावरील क्रमांकाशी जुळतो का आणि हमीपत्र भारतातील कंपनीचे आहे का, हे पाहावे. समांतर आयातीच्या मालाला ही हमी सहसा मिळत नाही.

लेन्स पुढे आरसाविरहित कॅमेऱ्यावर वापरायच्या असतील तर त्यांची निवड आताच विचारपूर्वक करावी लागते. कॅननच्या ईएफ व ईएफ-एस लेन्स जोडपट्टीद्वारे नव्या आरएफ कॅमेऱ्यांवर ऑटोफोकससह चालतात. निकॉनच्या ज्या जुन्या लेन्समध्ये स्वतःची मोटर नाही, त्या डी७५०० मधील मोटरवर आपोआप फोकस करतात, परंतु एफटीझेड जोडपट्टीवर त्यांचा फोकस हातानेच करावा लागतो.