बैठकीतली पाहुणी

महिला बचत गटांचा मेळावा कसा असतो हे सोलापूर जिल्ह्यात कुणाला नव्याने सांगायला नको. मांडव, भाड्याच्या खुर्च्या, पाठीमागे फ्लेक्स, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, मग सत्कारांची लांबलचक यादी. प्रमुख पाहुण्या ‘दोन शब्द’ बोलायला उभ्या राहतात तोवर मागच्या ओळीतल्या बायकांचे डोळे परतीच्या जीपकडे लागलेले असतात. विषय बहुधा ‘महिला उद्योजकता आणि आधुनिक तंत्रज्ञान’ असा, म्हणजे कुणीही काहीही बोलावे असा. याच बायकांची दुसरीही एक बैठक असते आणि तिची बातमी कधी छापून येत नाही. मोहोळ तालुक्यातले अनगर घ्या, कुरुल घ्या, पेनूर घ्या. दहा-बारा जणी समाजमंदिराच्या ओट्यावर किंवा कुणाच्या पडवीत गोल करून बसतात, मध्ये इतिवृत्ताची वही, बचतीची पासबुके आणि कुणाच्या तरी हातात मोबाइल. बाहेरच्या वक्त्याला बोलवायचे असेल तर ते या दुसऱ्या बैठकीत बोलवावे, आणि शक्यतो गटाचाच धंदा करणारी, शेजारच्या गावची बाई बोलवावी, असे माझे म्हणणे आहे. मेळाव्यात पाहुण्यांसाठी सभा जमवली जाते. गटात सभा आधीपासून चालू असते आणि पाहुणीला तिच्यात येऊन बसावे लागते. एवढ्या फरकाने बरेच काही बदलते.

व्याख्यान ऐकण्याची हौस आपल्याकडे जुनी आहे. न्यायमूर्ती रानड्यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती १८७५ मध्ये. पंडिता रमाबाईंनी १८८२ मध्ये आर्य महिला समाज काढला आणि बायकांनी एकत्र जमून बोलायची सोय झाली. पुढे १९०९ मध्ये रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात सेवासदन उभे राहिले. या परंपरेचे ऋण मोठे आहे, पण तिचा साचा शहरी आणि सुशिक्षित घरांचा. एकाने बोलायचे, बाकीच्यांनी ऐकायचे. बचत गटाची घडण वेगळी. नाबार्डने १९९२ मध्ये गटांना बँकेशी जोडण्याचा कार्यक्रम सुरू केला, त्याआधी १९७५ पासून महिला आर्थिक विकास महामंडळ होतेच, आणि २०११ पासून राज्यात ‘उमेद’ हे ग्रामीण जीवनोन्नती अभियान आले. गटाची पंचसूत्री ठरलेली आहे : नियमित बैठक, नियमित बचत, अंतर्गत कर्जवाटप, वेळेवर परतफेड, आणि हिशेब लिहून ठेवणे. या पाच गोष्टींत भाषण कुठेच नाही. बैठकीत प्रत्येकीला बोलावेच लागते, कारण प्रत्येकीचे पैसे अडकलेले असतात. कुणाचा हप्ता चुकला, कुणाला शेळीसाठी कर्ज हवे, कुणाला मुलीच्या फीसाठी, हे सगळ्यांसमोर बोलून ठरते. अशा गोलात बाहेरची बाई येऊन बसली की तिला नुसते ऐकून घेणारे श्रोते मिळत नाहीत. समोरच्या बायकांना हिशेब कळत असतो.

एक उदाहरण जवळून पाहू. सोलापुरी शेंगा चटणी हा इकडच्या गटांचा हमखास धंदा, त्याच्या जोडीला कडक भाकरी. मेळाव्यातला वक्ता सांगतो की ब्रँड तयार करा, सोशल मीडिया वापरा, ऑनलाइन विका. खोटे काहीच नाही त्यात. पण चटणीचा धंदा बुडतो तो दुसऱ्याच ठिकाणी. शेंगदाणे भाजले, साल पाखडून काढली की वजन घटते. ही घट न धरता बाई दर लावते. लसूण, तिखट, जिरे, मीठ यांचा भाव ती धरते. कुटणावळ, गॅस आणि स्वतःची मजुरी मात्र सोडून देते, कारण घरचे काम घरचेच. मग पाकिटाचा प्रश्न. चांगली चटणी कुटता कुटता तेल सोडते, तीच तिची खूण. पण तेच तेल पातळ पिशवीच्या शिवणीतून बाहेर येते, लेबल भिजते, निव्वळ वजन, तारीख आणि परवाना क्रमांक वाचता येत नाही, आणि दुकानदार माल परत पाठवतो. उन्हाळ्यात चटणी खवट व्हायला लागते ते वेगळेच. शेजारच्या तालुक्यात चार वर्षे चटणी विकणारी बाई पाहुणी म्हणून आली की ती बोलायला सुरुवातच घटीपासून करते. पिशवी किती जाडीची घ्यायची, उधारी कुणाला द्यायची नाही, दुकानदार किती दिवसांनी पैसे देतो, हे ती न विचारता सांगते. मग कुणीतरी विचारते, ‘ताई, नवऱ्याने गल्ल्यातले पैसे उचलले तर काय करता?’ हा प्रश्न मांडवात माईकवर कधी विचारला जात नाही.

अशी पाहुणी पाठवण्याची पद्धत महाराष्ट्राला अनोळखी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर लातूर-धाराशिवच्या गावांत घरदुरुस्तीचे काम निघाले तेव्हा गावोगावी बायकांना संवाद सहायक म्हणून नेमले गेले. प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्या बायकांना एका गावातून दुसऱ्या गावात नेले : कुठल्या भिंतीला कसला बांध घालायचा, अनुदानाचा हप्ता कधी मागायचा, हे बायकांनी बायकांना दाखवायचे. २००१ मध्ये भूजचा भूकंप झाला तेव्हा याच बायका कच्छमध्ये गेल्या, २००४ च्या त्सुनामीनंतर तमिळनाडूत. भाषा येत नव्हती, तरी काम अडले नाही. पडलेल्या घरापुढे उभ्या असलेल्या बाईला काय विचारायचे ते त्यांना ठाऊक होते. उमेदमध्येही हीच युक्ती वापरली गेली. आधी आंध्र प्रदेशच्या गटांतल्या अनुभवी बायका आल्या, मग इथल्याच तयार झालेल्या वर्धिनी एका जिल्ह्यातून दुसऱ्या जिल्ह्यात जाऊ लागल्या. वर्धिनी गावात येते ती भाषण ठोकून परत जात नाही. काही दिवस गावात मुक्काम करते, घरोघर हिंडते, आपण कर्ज कशासाठी घेतले आणि कसे फेडले ते सांगते. तिला प्रेरणादायी वक्ता कुणी म्हणणार नाही, पण ती निघून गेल्यावर गट उरतो.

हे केवळ माझे मत नाही, मोजून पाहिलेले पुरावेही आहेत. अहमदाबादच्या सेवा बँकेच्या ग्राहक बायकांना दोन दिवसांचे व्यवसाय-प्रशिक्षण देण्यात आले. त्यातल्या काहींना एकटीला बोलावले, काहींना मैत्रिणीला सोबत आणायला सांगितले. कुणाला कसे बोलवायचे हे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ठरवले होते. शिकवणारे तेच आणि धडेही तेच. एरिका फील्ड, सीमा जयचंद्रन, रोहिणी पांडे आणि नतालिया रिगोल यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसले की मैत्रिणीबरोबर आलेल्या बायकांनी व्यवसायासाठी कर्ज अधिक घेतले आणि चार महिन्यांनी त्यांच्या घरचे उत्पन्नही अधिक होते. ज्या समाजांत बायकांच्या घराबाहेर पडण्यावर बंधने अधिक, तिथल्या बायकांना हा फायदा जास्त झाला. म्हणजे व्याख्यानाची किंमत बरीचशी शेजारी कोण बसले आहे यावर ठरते. आफ्रिकेत मलावीच्या शेतकऱ्यांवर झालेल्या एका प्रयोगातही निष्कर्ष असाच निघाला : ज्याची शेती आपल्याएवढीच आहे त्या शेतकऱ्याचे सांगणे लोक अधिक मानतात. मात्र त्याला त्या कामाचा थोडा मोबदला मिळाला पाहिजे, फुकटात तो घसा कोरडा करत नाही. आपल्याकडे हे दुसरे वाक्य सोयीस्करपणे विसरले जाते.

यावर पहिला आक्षेप असा की बायकांनीच बायकांना शिकवायचे तर चुकाही तशाच्या तशा पुढे जातील. शास्त्र कुणी सांगायचे? आक्षेप रास्त आहे, आणि त्याचे उत्तर मोहोळमध्येच मिळते. रब्बी ज्वारीचे गाजलेले वाण मालदांडी ३५-१ मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडलेले. तेही परदेशातून आणलेल्या बियाण्यातून नव्हे, इथल्याच शेतात पिढ्यान्‌पिढ्या पेरल्या जाणाऱ्या मालदांडीतून. शास्त्रज्ञाने नवे काही आणून लादले नाही, असलेल्यातून नीट निवडले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे कृषी विज्ञान केंद्र आज मोहोळला आहे. म्हणजे शास्त्र पाहिजे तर ते तालुक्याच्या गावीच बसलेले आहे. प्रश्न एवढाच की तिथल्या तज्ज्ञाला बोलावताना विषय कोण ठरवतो. ‘सुधारित शेती’ या विषयावर तो तासभर बोलेल आणि चांगले बोलेल. पण आधीच्या दोन बैठकांत गटाने ठरवून कळवले असेल की आमच्या ज्वारीच्या पिठाला महिन्याभरात जाळी धरते, भाकरी थापताना पीठ तुटते, दळण किती दिवसांचे करावे आणि धान्यात ओल किती चालेल, तर त्याच्या त्याच तासाचे मोल कितीतरी वाढते. तज्ज्ञ हवाच, पण त्याने विचारलेल्याचे उत्तर द्यावे. प्रश्न तयार नसेल तर त्याला त्या दिवशी बोलावूच नये. हे उद्धटपणाचे वाटेल, पण त्यालाही हेच आवडेल असा माझा अंदाज आहे.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा : शिकवून उत्पन्न वाढते कुठे? पेरूमध्ये कर्जगटांच्या नियमित बैठकांतच व्यवसायाचे धडे दिले गेले. बायकांचे ज्ञान वाढले, पण धंद्याच्या उलाढालीत आणि नफ्यात म्हणण्यासारखी वाढ दिसली नाही. म्हणजे माझी आवडती बैठकही जादूची नाही. पाणी, रस्ता, बाजार, बाईच्या नावावर जमीन, यातले काहीही पाहुणी घेऊन येत नाही, आणि ज्यांना योजनेऐवजी भाषण वाटायचे असते त्यांना हे सुनावलेच पाहिजे. पण काय शिकवले याचाही हिशेब करावा लागतो. डॉमिनिकन रिपब्लिकमध्ये छोट्या उद्योजकांच्या एका तुकडीला रीतसर हिशेबशास्त्र शिकवले आणि दुसरीला फक्त रोजच्या कामाचे ढोबळ नियम सांगितले. उदाहरणार्थ घरचे आणि धंद्याचे पैसे दोन वेगळ्या खणांत ठेवा. फरक पडला तो दुसऱ्या तुकडीत. आपल्या चटणीवाल्या पाहुणीचे सगळे बोलणे या दुसऱ्या जातीचे असते. तिला नफा-तोटा पत्रक भरता येत नसेल, पण कुठले पैसे कुठल्या डब्यात ठेवायचे ते येते.

तिसरा आक्षेप मोठ्या नावांचा. नामवंत बाई व्यासपीठावर दिसली की पोरींना उभारी येते, ते का नाकारायचे? नाकारत नाही. पण म्हसवडचे उदाहरण बारकाईने पाहावे. तिथे माणदेशी महिला सहकारी बँक १९९७ मध्ये उभी राहिली, संस्थापक चेतना गाला सिन्हा यांच्या नावाने ती जगभर ओळखली जाते. परवान्याचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला, कारण प्रवर्तक बायकांपैकी अनेकींना सही करता येत नव्हती. बायका अक्षरे शिकल्या आणि पुन्हा मुंबईला गेल्या. अधिकाऱ्यांना त्यांनी सांगितले, मुद्दल सांगा, व्याज आम्ही तोंडी काढून दाखवतो. त्या दिवशी बोलण्याचे काम गावच्या बायकांनी केले, आणि चेतनाताई स्वतः ही गोष्ट सांगतात तेव्हा त्याच बायकांना पुढे करतात. म्हसवड काही दूर नाही, पंढरपूर ओलांडले की माणदेश लागतो. तिथून एखादी कर्जदार बाई मोहोळच्या प्रभागसंघात, म्हणजे गटांच्या संघात, आली आणि पहिल्या कर्जाचे काय झाले ते तिने सांगितले, तर त्या कथेत उभारी आहेच, शिवाय हप्त्यांचे वेळापत्रकही आहे.

राहिली अडचण वेळेची आणि पैशाची, आणि सगळे अडते ते इथेच. अधिकारी अकरा ते दोन या वेळेत येतो, तेव्हा बाई खुरपणीला गेलेली असते. कार्यक्रमाला बसायचे तर रोज बुडतो. ज्वारीची काढणी चालू असताना ८ मार्चचा मेळावा ठेवणाऱ्यांना शेतीची दिनदर्शिका ठाऊक नसते असे नाही, त्यांची आपली वेगळी दिनदर्शिका असते. गटाची बैठक चुलीची कामे आटोपल्यावर भरते. पाहुणीने त्या वेळी यायचे म्हणजे तिला मुक्काम, जेवण आणि भाडे लागणार. मेळाव्याच्या मांडवाला पैसे निघतात. या भाड्याला मात्र कोणत्या शीर्षाखाली खर्च टाकायचा यावर फाइल अडते. गटांना हाताळणाऱ्या समुदाय संसाधन व्यक्तींचे मानधन राज्य सरकारने २०२३ मध्ये महिना ३,००० रुपयांवरून ६,००० केले. चांगले झाले, तरी हिंडून सांगणाऱ्या बाईच्या श्रमाचा तो पुरा दाम नव्हे. तंत्रज्ञान आले तसा हा प्रश्न अधिक टोकदार झाला आहे. गटाचे व्यवहार आता लोकोस ॲपवर चढवायचे असतात. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत गटाला ड्रोनच्या किमतीच्या ८० टक्के, कमाल ८ लाख रुपये साहाय्य आणि एका सदस्येला पंधरा दिवसांचे प्रशिक्षण मिळते. उडवायला शिकवणारा मिळतो. पण एकरी भाडे किती घ्यायचे, एका बॅटरीत किती रान होते, फवारणी बिघडली तर भरपाई कुणाची, ऊस डोक्याच्या वर गेल्यावर शेतकरी बोलावतात का, हे तीच सांगेल जिने दोन हंगाम ड्रोन भाड्याने दिला आहे. मोहोळच्या एखाद्या प्रभागसंघाला तिला बोलवायचे झाले तर खर्च किती येईल? एसटीचे तिकीट, एक मुक्काम, आणि तिचा बुडालेला एक दिवसाचा रोज.