उचल, करार आणि कायदा

दसरा झाला की आमच्या पाथर्डी तालुक्यातील वाड्या ओस पडू लागतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून उचल घेऊन असे कोयते ऊसतोडीला निघतात, ते कारखान्याचा पट्टा पडल्यावरच परततात. माझे आईवडील त्यांपैकीच एक कोयता. घरात कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच. 'करार' हा शब्द पुस्तकात प्रथम भेटला, तेव्हा मला आठवला तो वडिलांनी अंगठा उठवलेला कोरा स्टँपपेपर.

१८७२ च्या करार कायद्याप्रमाणे दोन्ही पक्षांची खुशीची संमती आणि ठरलेल्या अटी हा कराराचा पाया. कोऱ्या कागदावर अटी कोठून येणार?

आपल्या जिल्ह्यात एकाच उसावर दोन प्रकारचे कामगार जगतात. कारखान्यात सलग एक वर्ष नोकरी झालेल्या कामगाराची कपात करायची तर एक महिन्याची नोटीस किंवा तेवढा पगार आणि दर पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार द्यावा लागतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यातील ही तरतूद २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. म्हणजे नोकरी संपते कशी, हे तेथे लिहिलेले असते. फडातल्या कोयत्याचे काम मात्र उचल फिटेपर्यंत संपतच नाही. आजारपणाचा दिवसही 'खाडा' म्हणून कापला जातो आणि राहिलेली बाकी पुढच्या हंगामाच्या मानेवर बसते.

उचल घेऊन काम सोडणे हा एके काळी गुन्हाच होता. १८५९ च्या इंग्रजी कायद्याने अशा मजुराला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे. तो कायदा १९२५ साली रद्द झाला. आज कोणतेही न्यायालय माणसाला 'हेच काम कर' असा हुकूम देत नाही. १९६३ च्या विनिर्दिष्ट अनुतोष कायद्याचे हेच तत्त्व आहे. पैशाचा दावा लावता येतो, माणूस अडकवून ठेवता येत नाही.

मग उचल देणेच बेकायदा काय? नाही. परंतु उचलीच्या बदल्यात दुसरीकडे जाण्याचे स्वातंत्र्य हिरावले, तर १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याने ती वेठबिगारी ठरते आणि ते कर्जच नाहीसे होते. किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवणे हीही सक्तीची मजुरीच, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली एशियाडच्या मजुरांच्या खटल्यात दिला.

मुकादमाचीही एक बाजू आहे. उचल घेऊन कोयता आलाच नाही, तर वाहतूकदार किंवा कारखाना त्याच्याच दारात उभा राहतो. म्हणून स्वच्छ करार त्याच्याही हिताचा आहे. उचल किती, टनाचा दर काय, खाड्याचा हिशेब कसा आणि काम कधी सुटते, एवढ्या चार ओळी लिहिल्या आणि एकेक प्रत दोघांकडे राहिली, तरी पुष्कळ भांडणे मिटतील.

गेल्या दसऱ्याला मी वडिलांच्या शेजारी बसलो. कागद कोरा होता. "आधी लिहा, मग अंगठा," एवढेच बोललो. मुकादमांना राग आला, पण त्यांनी लिहिले. माझ्यासारखे मित्र या कॉलेजात पुष्कळ आहेत. शिकलेल्या मुलाने घरासाठी पहिले काम कोणते करावे, असे कोणी विचारले तर मी सांगेन, अंगठ्याआधी कागद वाचून दाखवावा.