भाडे जनतेचे, भिंती कोणाच्या?

गळक्या छपराच्या शाळेत शिकून मी घरातला पहिला पदवीधर झालो. म्हणून शाळेची इमारत माझ्या लेखी गौण नाही. न्यूयॉर्क शहरातील चार्टर शाळा खाजगी मंडळे चालवतात, पण सरकारी पैशावर. फी नसते, मुले बहुसंख्य कृष्णवर्णीय व लॅटिनो. काहींना सरकारी शाळांच्या इमारतींतच वर्गखोल्या मिळाल्या. काहींनी देणग्या व कर्जरोख्यांतून जागा मिळवल्या. २०१४ च्या कायद्याने नव्या व वाढत्या चार्टर शाळांना जागा किंवा भाड्याचा पैसा देणे शहरावर बंधनकारक झाले. मेख इथेच आहे. भाडे जनता भरते. शाळा बंद पडली, तरी भाड्याची इमारत खाजगी मालकाकडेच राहते. देणगी जरूर घ्यावी. पण जनतेच्या पैशाने फिटलेली वास्तू जनतेच्याच नावावर असावी, हा आग्रह तिथे हवा, तसा इथेही.