बेस गिटार आणि डाव्या हाताचा अंगठा

गेल्या हिवाळ्यात माझे धाकटे दीर अश्दोदला आमच्याकडे आले होते. चहा दिला, तर भावजींनी कप दोन्ही हातांनी उचलला. हाताच्या फिजिओथेरपीत माझे आयुष्य गेले, त्यामुळे कोण कप कसा धरतो हे नजरेतून सुटत नाही. विचारले तेव्हा म्हणाले, "वहिनी, डाव्या अंगठ्याच्या मुळाशी ठणकतं. बेस विकून टाकावी म्हणतो."

भावजी ७३ वर्षांचे. तरुणपणी मुंबईत लग्नाच्या बँडमध्ये बेस गिटार वाजवत. इथे आल्यावर कारखान्याच्या पाळ्यांत ती पलंगाखाली गेली, ती निवृत्तीनंतरच बाहेर निघाली. आता दर मंगळवारी चार म्हातारे जमून जुनी हिंदी गाणी वाजवतात. जाऊबाई गेल्यापासून मंगळवार सोडला तर भावजी फारसे घराबाहेर पडत नाहीत. त्यामुळे बेस विकली तर मंगळवारही जाणार, हे मला दिसत होते.

मी म्हटले, "विकायची तर विका, पण आधी मला वाजवून दाखवा."

हातोडीचा दांडा धरावा तशी त्यांनी गिटारची दांडी मुठीत धरली होती. अंगठ्याचे नख पांढरे पडले होते. वाचकहो, अंगठा आणि बोटे यांचा असा चिमटा घट्ट केला की टोकाला जेवढा जोर लागतो त्याच्या कित्येक पट भार अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर येतो. उतारवयात हा सांधा मुळातच झिजलेला असतो. बरणीचे झाकण उघडताना दुखतो तोच हा सांधा.

खरे म्हणजे एवढा जोर लागतच नाही. सतारीला पडदे असतात तसेच बेस गिटारला असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. तार लाकडाला टेकवायची नसते, फक्त पडद्यावर टेकली की पुरे. बोट पडद्याच्या अगदी मागे, जवळजवळ त्याला खेटून ठेवले तर थोड्या दाबाने सूर स्वच्छ येतो. दोन पडद्यांच्या मधोमध ठेवले तर तार खरखरते आणि माणूस आणखी दाबतो. भावजी पन्नास वर्षे मधोमध दाबत होते!

घरी हा प्रयोग करून पाहा. तारेवर बोट नुसते टेकवा आणि उजव्या हाताने तार छेडा. बद्द आवाज येईल. हळूहळू दाब वाढवत न्या. आधी खरखर येईल, मग एकदम सूर लागेल. तिथेच थांबा, तेवढाच दाब हवा. मग अंगठा दांडीपासून पूर्ण सोडून दोन मिनिटे वाजवा. गिटारचे अंग उजव्या कोपराखालच्या हाताने पोटाशी धरून ठेवा आणि डाव्या हाताच्या वजनानेच बोटे मागे ओढली जाऊ द्या. पहिल्या दिवशी जमत नाही. चारपाच दिवसांनी अंगठा परत ठेवाल तेव्हा तो दांडीच्या मागे, मधल्या बोटासमोर, नुसता टेकलेला असेल.

दुसरी गोष्ट ताणाची. नेहमीच्या बेस गिटारवर तारेची मोकळी लांबी ३४ इंच असते. त्यामुळे पहिल्या पडद्यापासून चौथ्यापर्यंत सुमारे १३ सेंटीमीटर अंतर पडते. साध्या गिटारवर ते जेमतेम १० असते. प्रत्येक पडद्याला एक बोट हा नियम तरुणांना ठीक आहे. आपण खालच्या सुरांना मोठ्या उभ्या डबल बेसची जुनी रीत घ्यावी. फ्रान्झ सिमांडल यांनी एकोणिसाव्या शतकात शिकवलेल्या त्या रीतीत तर्जनी, मधले बोट आणि करंगळी मिळून तीनच पडदे सांभाळतात, अनामिका करंगळीला आधार देते. पुढचा सूर हवा असेल तर बोट ताणायचे नाही, सगळा हातच सरकवायचा.

मनगट शक्यतो सरळ असावे. पट्टा सैल सोडून गिटार गुडघ्यापाशी लोंबवणे दिसायला झोकदार, पण मनगट त्यात पार मुडपते. खुर्चीवर बसा, दांडीचे टोक थोडे वर ठेवा, पट्टा रुंद घ्या.

काही दोष वाद्याचाही असतो. तारा पडद्यांपासून फार उंच असतील तर दुरुस्तीवाल्याकडून खाली आणून घ्या आणि हलक्या जाडीच्या तारा बसवा. सपाट गुंडाळीच्या, म्हणजे फ्लॅटवाउंड तारा गुळगुळीत असतात, पातळ झालेल्या कातडीला त्या कमी घासतात. ३० इंची आखूड बेसही मिळते. तिच्यावर तेच १३ सेंटीमीटर साडेअकरावर येतात. बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनींची व्हायोलिनच्या आकाराची हॉफनर अशीच ३० इंची आहे, आणि ऐंशी उलटल्यावरही ते ती वाजवत आहेत.

थंडीत आधी कोमट पाण्यात पाच मिनिटे हात बुडवा. दहा मिनिटे वाजवा, मग हात खाली सोडून विश्रांती घ्या. स्नायूंचा थकवा रात्रीत जातो. पण अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येऊन रात्री झोपमोड होत असेल, बोट वाकून अडकत असेल, किंवा हातातून वस्तू निसटत असतील, तर व्यायामाने जाईल म्हणून थांबू नका. कुपत खोलिमच्या डॉक्टरांना दाखवा. साखर असलेल्यांना हे त्रास अधिक होतात, शिवाय बोटांची टोके बधिर झाली असतील तर तारेने कातडी सोलली तरी कळत नाही. त्यांनी वाजवून झाल्यावर बोटे डोळ्यांनी तपासावीत.

भावजींचा सांधा झिजलेला आहे तो आहेच. पावसाळी दिवसांत अजून ठणकतो, आणि डॉक्टरांनी दिलेली अंगठ्याची पट्टी ते रात्री लावतात. बेस मात्र विकली नाही. मंगळवारी आता दोन गाण्यांनंतर चहा असतो, आणि कप ते एका हाताने उचलतात. उजव्या हाताने उचलतात हे खरे, पण उचलतात.