अंजीर, बर्फ आणि उष्णतेचा प्रवास

माझी थोरली बहीण, आमची आपा, शेवटच्या आजारपणात काही खाईना. एके दिवशी म्हणाली, "पुरंदरचं अंजीर दे रे." बाजारात तेव्हा अंजीर नव्हतं. मीठा बहराची दहा-बारा फळं मी फ्रीझरमध्ये जपून ठेवली होती, ती बाहेर काढली. काही वेळानं बशीत नुसता लगदा आणि गुलाबी पाणी! आपानं दोन चमचे खाल्ले, ते माझं मन राखण्यासाठी. मी कवितेचा माणूस, शिक्षण बी.ए.; पण त्या बशीनं मला विज्ञानाच्या पुस्तकांकडे वळवलं.

ताज्या अंजिरात सुमारे 80 टक्के पाणी असतं. आपण म्हणतो, थंडी फळात शिरते. खरं तर फळातली उष्णता बाहेर पडत असते, आणि तिचं ओझं मोठं असतं. एक किलो पाण्याचा बर्फ होताना जेवढी उष्णता निघते, तेवढ्यात एक किलो पाणी शून्यापासून 80 अंशांपर्यंत तापेल. ही उष्णता गाभ्यातून सावकाश बाहेर येते. तोवर बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि पेशींच्या भिंती फाडतात. फळाची जाडी दुप्पट, तर गोठायला वेळ साधारण चौपट. वितळणं त्याहून संथ, कारण तेव्हा उष्णतेला बाहेरच्या पाणीदार थरातून आत जावं लागतं, आणि बर्फाच्या मानानं पाणी उष्णता जेमतेम पावपट वाहून नेतं.

यावर एक विलक्षण उपाय आहे, तो म्हणजे दाब. अमेरिकी शास्त्रज्ञ पर्सी ब्रिजमन यांनी प्रचंड दाबाखाली पाणी कसं वागतं, याची मोजमापं 1912 मध्ये प्रसिद्ध केली. उच्च दाबावरील कामासाठी त्यांना 1946 चं नोबेल मिळालं. हवेच्या दाबाच्या सुमारे दोन हजार पट दाब दिला, म्हणजे नखाएवढ्या जागेवर दोन टन भार, तर पाणी उणे 20 अंशांनाही गोठत नाही. अशा थंड पाण्यावरचा दाब एकदम काढला, की पदार्थात सगळीकडे एकाच वेळी बर्फाचे बारीक कण धरतात. कण बारीक, म्हणून पेशी बऱ्याच वाचतात. वितळवतानाही दाब कामी येतो. बर्फ उणे 20 च्या आसपासच वितळू लागतो, त्यामुळे भोवतीच्या 10 अंशांच्या पाण्याशी फरक 30 अंशांचा होतो आणि उष्णता जोरानं आत जाते.

मग गणित कशाला? जाड पोलादी भांड्यात, एवढ्या दाबाखाली, पदार्थाच्या कणाकणाला तापमापक लावता येत नाही. म्हणून संगणकावर पदार्थाचे बारीक चौकोन कल्पून प्रत्येकाची उष्णता क्षणाक्षणाला मोजतात. दाब वाढवताना पदार्थ स्वतःच थोडा तापतो, तेही त्यात धरावं लागतं. साधा हिशेब पाहा: उणे 20 अंशांचं पाणी शून्यावर येईपर्यंत जेवढी उष्णता सामावून घेतं, तेवढ्यात जेमतेम पाव भाग पाण्याचा बर्फ होतो. उरलेला पाऊण भाग नेहमीच्या संथ वाटेनंच गोठतो. गणित असं भाबड्या आशेला लगाम घालतं.

बटाट्याच्या फोडींवर हे प्रयोग झाले आहेत, पण अन्नासाठी हे तंत्र अजून मुख्यतः प्रयोगशाळेतच आहे. यंत्र महाग, आणि अंजिराच्या पोटात पोकळी असते. ते दाबानं चेपेलही. पुरंदरच्या अंजिराला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तरी पिकलेलं फळ फार दिवस टिकत नाही. शेतकऱ्याची धावपळ अजून संपलेली नाही.

आता मी अंजिराच्या पातळ चकत्या करतो, ताटलीत सुट्या पसरतो आणि मग गोठवतो. जाडी कमी, म्हणून वेळ कमी. चकत्यांतूनही थोडा रस गळतोच. पण फळ फळासारखं राहतं. आपाला तेवढंच हवं होतं.