दोन दोऱ्यांचा पतंग: गोत न खाता उडवायचा कसा?

येवल्याच्या गच्चीवर आसारी सांभाळणाऱ्या पोराला हे शिकवावं लागत नाही: दोरी ताणली की पतंग नाकासमोर धावतो, ढील दिली की जागच्या जागी गिरक्या घेतो. एकाच दोरीने पतंग हवा तिकडे वळवणं ही मोठी विद्या आहे. स्टंट काइटला मात्र दोन दोऱ्या असतात, प्रत्येक हातात एक. काटाकाटी नाही, काचेचा मांजा नाही. आकाशात चौकोन काढायचा, पतंग वाळूवरून वीतभर उंचीने सुसाट न्यायचा, ऐन वेळी वळवायचा. हे सगळं गोत न खाता जमायला हवं, आणि त्यासाठी संक्रांतीची ती ढीलच कामाला येते.

मोटारीचं स्टिअरिंग विसरा

नवखा माणूस दोन्ही हात वर धरून मोटार चालवल्यासारखे फिरवतो. पतंगाला त्यातलं काही कळत नाही. त्याला कळतो तो दोन दोऱ्यांच्या लांबीतला फरक. कोपरं अंगाशी, हात पोटाच्या उंचीवर, आणि उजवा हात कमरेकडे ओढला की पतंग उजवीकडे वळतो. हात पुन्हा बरोबरीत आणले की सरळ जातो. एवढंच व्याकरण.

गोंधळ होतो तो पतंग खाली येताना. उजवा हात ओढावा, तर पतंग चक्क डावीकडे जाताना दिसतो, आणि घाबरलेला माणूस भलताच हात ओढून बसतो. यावर एक पक्की खूण आहे: उजवा हात म्हणजे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने वळण, डावा म्हणजे उलट. पतंग वर जात असो, खाली येत असो की आडवा, हा नियम कधीच बदलत नाही.

दोऱ्यांना पीळ पडला? पडू द्या

पतंगाने एक पूर्ण गिरकी घेतली की दोऱ्या एकमेकींभोवती एकदा गुंडाळल्या जातात. तरीही तो वळतो! या दोऱ्या बहुधा डायनिमा किंवा स्पेक्ट्रा नावाच्या पॉलिथिलीनच्या, इतक्या गुळगुळीत की पाच-सहा पीळ पडले तरी एकमेकींवरून सरकत राहतात. उलट्या गिरक्या घेतल्या की पीळ सुटला. मात्र हा धागा जेमतेम दीडशे अंश सेल्सियसला वितळतो. दुसऱ्या जातीची दोरी त्यावर घासली तर घर्षणाच्या उष्णतेनेच तो तुटू शकतो. म्हणून शेजारच्या साध्या पतंगापासून लांब उभं राहा.

दोन्ही दोऱ्या अगदी सारख्या लांबीच्या हव्यात, साधारण २५ ते ३० मीटर. एक जरा आखूड राहिली की पतंग सारखा त्याच बाजूला ओढतो, आणि दोष बिचाऱ्या उडवणाऱ्याच्या हातांना मिळतो.

वाऱ्याची खिडकी

वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिलात की समोर पाव गोलाएवढं आकाश तुमचं. त्याच्या मधोमध वारा पतंगाला सर्वांत जोरात ओढतो, तिथे वेगही सर्वाधिक. कडांना आणि अगदी डोक्यावर ओढ मंदावते. त्यामुळे शिकताना पतंग मध्यभागी सुळकन खाली आणू नका. आधी उंचावर, मग हळूहळू कडेकडे आडवे आठ काढा. उतरवायचाही कडेलाच. तिथे तो आपोआप मंद होतो आणि वाळूवर अलगद टेकतो.

जागा निवडण्यात निम्मं यश आहे. इमारत किंवा झाडांची रांग ओलांडून आलेला वारा खूप दूरपर्यंत भोवरे घेऊन फिरतो, आणि त्यात कसलेला उडवणाराही हतबल होतो. समुद्रावरून येणारा वारा मात्र एकसारखा. कोकणातल्या एखाद्या रुंद किनाऱ्यावर ओहोटीची दुपार, ताशी १० ते २० किलोमीटरचा वारा: शिकायला याहून चांगली शाळा नाही.

आता मुख्य गोष्ट: पाय पुढे!

पतंग नाक खाली करून जमिनीकडे झेपावतो. अशा वेळी सगळं अंग एकच सांगतं, ओढ! माणूस दोन्ही हात मागे खेचतो, वर दोन पावलं मागेही पळतो. यानेच पतंग मोडतो. मागे ओढलं की कापडावरचा हवेचा दाब वाढतो, दाब वाढला की वेग वाढतो, आणि नाकाकडची कार्बन फायबरची काडी पूर्ण वेगाने जमिनीत घुसते.

करायचं नेमकं उलट. हात पुढे फेका आणि पतंगाच्या दिशेने धावा. दोऱ्या सैल पडतात, कापडातली हवा निघून जाते, आणि रिपस्टॉप नायलॉनचा तो भला थोरला पक्षी दोनअडीचशे ग्रॅमच्या वजनाने नुसता खाली पडतो. आपटणं आणि पडणं यांतला हा फरक म्हणजे वाचलेली काडी. संक्रांतीला ढील देत वाढलेल्या माणसाच्या हातात हे आधीच आहे, फक्त आता ढील पायांनी द्यायची. पहिल्याच दिवशी पतंग उंच असताना मुद्दाम दहा वेळा पुढे धावून पाहा, म्हणजे संकटात पाय आपोआप हलतील.

पुढच्या कसरतीही याच सैल दोरीवर उभ्या आहेत. अॅक्सल या कसरतीत पतंग पोटावर आडवा होऊन गर्रकन फिरतो. नाव आलं बर्फावरच्या स्केटिंगमधून, तिथल्या उडीला नॉर्वेच्या अॅक्सल पॉल्सनचं नाव आहे. योग्य क्षणी एक झटका, लगेच ढील. ढील चुकली तर अॅक्सल नाही.

राइट बंधूंचाही पतंग गोत खायचा

१८९९ साली विल्बर राइटने डेटनमध्ये सुमारे पाच फुटी पतंग उडवला. दोन हातांत दोन काठ्या, त्यांना चार दोऱ्या, आणि काठ्या तिरप्या केल्या की पंखांना पीळ पडायचा. पुढे विमान वळवण्यासाठी वापरलेली कल्पना आधी या पतंगावर तपासली गेली. एकदा तो इतक्या झपाट्याने खाली आला की बघायला जमलेल्या पोरांनी जमिनीवर लोटांगण घातलं.

त्याआधी, १८२६ मध्ये, ब्रिस्टलच्या जॉर्ज पोकॉक नावाच्या शिक्षकाने पतंगांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीचं पेटंट घेतलं. घोडे नव्हते, म्हणून टोलही नव्हता! त्याने आपल्या मुलीला खुर्चीत बसवून पतंगाने आकाशात चढवलं होतं. क्रिकेटवेड्या वाचकांसाठी: ही मार्था पुढे डब्ल्यू. जी. ग्रेसची आई झाली.

दुसऱ्या महायुद्धात पॉल गार्बर यांनी अमेरिकन नौदलासाठी दोन दोऱ्यांचा, सुकाणू असलेला पतंग बनवला. त्यावर जपानी झीरो विमानाची आकृती रंगवलेली असे, आणि जहाजावरचे तोफची त्यावर नेम धरायला शिकत. वळणं घेणारं, सूर मारणारं, स्वस्तातलं लक्ष्य. हेच गार्बर पुढे वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन पतंग महोत्सवाचे जनक ठरले.

मग १९७२ मध्ये इंग्लंडच्या पीटर पॉवेल यांचा चौकट आकाराचा पतंग आला. शेपूट पोकळ प्लास्टिकच्या नळीचं. वारा भरला की ते फुगायचं आणि पतंगाचं प्रत्येक वळण आकाशात रेखून दाखवायचं. आज आपण ज्याला स्टंट काइट म्हणतो तो घरोघरी पोचला तो या माणसामुळे.

एक माणूस, तीन पतंग

कॅनडातल्या व्हँकूव्हरचे रे बेथेल दोन हातांनी दोन आणि कमरेला बांधून तिसरा, असे तीन पतंग एकाच वेळी संगीतावर नाचवत. त्यांना ऐकू येत नव्हतं, म्हणून प्रेक्षक टाळ्यांऐवजी हात उंचावून हलवत. वयाच्या ऐंशीतही ते उडवत होते. माझ्या मते या खेळात त्यांच्याइतकं सुंदर कुणी उडवलेलं नाही.

आणि वाराच नसेल तर? बंद सभागृहातही हे पतंग उडतात. अतिशय हलके असतात, उडवणारा मागे चालत राहतो आणि वारा स्वतःच निर्माण करतो. उलट टोकाला वेगाचा विक्रम: १९८९ मध्ये अमेरिकेत मेरीलँडच्या ओशन सिटीला दोन दोऱ्यांच्या एका पतंगाने ताशी १९३ किलोमीटर वेग गाठला.

म्हणून शेवटी कळकळीची विनंती. समोर आणि दोन्ही बाजूंना दोरीच्या लांबीइतकी जागा मोकळी असेल, तरच उडवा. ताणलेली बारीक दोरी कातडी कापते आणि वेगातला पतंग लहान मुलाला जबर जखमी करू शकतो. विजेच्या तारांपासून दूर राहा, ढग गडगडू लागले की दोऱ्या गुंडाळा. आणि पतंग कुठलाही असो, नायलॉन मांजा हातात धरू नका. राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ पासून त्यावर देशभर बंदी घातली आहे.