विमान कंपन्यांचे पॉइंट तेवढेच राहतात, मग तिकीट का मिळत नाही?

बिबवेवाडीत आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर एक काका राहतात. नोकरीत असताना कंपनीच्या कामाने महिन्यातून दोनदा तरी दिल्ली नाहीतर चेन्नई ठरलेलं. रिटायर झाले तेव्हा एका विमान कंपनीच्या खात्यात साठ हजार पॉइंट जमलेले होते. मुदत संपू नये म्हणून ते दर काही महिन्यांनी कार्डावरून काहीतरी खरेदी करून खातं चालू ठेवायचे. ठरवलं एकच होतं: लेक सिंगापूरला आहे, तिच्या बाळंतपणाला दोघांनी या पॉइंटवर जायचं.

या वर्षी ती वेळ आली. काकांनी हाक मारली, "अरे जरा वर ये, तुला कंप्युटरमधलं कळतं ना." त्यांच्या २०१९ च्या डायरीत व्यवस्थित लिहिलेलं होतं: जाऊन-येऊन माणशी ३०,००० पॉइंट. स्क्रीनवर दिसत होतं माणशी ५२,०००. काकांना वाटलं वेबसाइट बिघडली असेल, म्हणून त्यांनी तीन वेळा लॉगआउट करून पाहिलं होतं. वेबसाइट ठीक होती. खात्यातून एक पॉइंटही कमी झाला नव्हता. कमी झाली होती ती पॉइंटची किंमत, आणि ती खात्यात कुठेच छापलेली नसते.

ती आपणच काढावी लागते. तिकिटाच्या रोख भाड्यातून कर आणि इतर आकार वजा करा, कारण पॉइंटवर तिकीट काढलं तरी ते बहुतेक ठिकाणी पैशातच भरावे लागतात. उरलेल्या रकमेला लागणाऱ्या पॉइंटने भागा. काकांच्या डायरीत तेव्हाचं भाडंही होतं: २४,००० रुपये, त्यात करबिर ६,०००. म्हणजे १८,००० भागिले ३०,०००, पॉइंटला ६० पैसे. आता भाडं ३०,०००, त्यात कर ७,६००. म्हणजे २२,४०० भागिले ५२,०००, पॉइंटला ४३ पैसे. तिकीट सव्वापट महाग झालं आणि पॉइंट जवळजवळ पावणेदोनपट. नुसती महागाई असती तर दोन्ही सारखंच वाढलं असतं.

हे का होतं ते कळायला अप्परला व्हीआयटीच्या आसपासच्या मेस आठवा. महिन्याच्या सुरुवातीला साठ कुपनं घ्यायची, एका कुपनाला एक थाळी. कुपन छापणारा मेसवाला, थाळी ठरवणाराही तोच. उद्या तो म्हणाला, 'रविवारी फीस्ट आहे, दोन कुपनं लागतील,' तर तुमच्या खिशातली कुपनं आहेत तेवढीच राहतात, जेवणं कमी होतात. मेसवाल्याला निदान गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगावं लागतं. विमान कंपनी वेबसाइटवरच्या अटींमध्ये एक ओळ बदलते. 'पूर्वसूचना न देता बदल करण्याचा अधिकार' हे वाक्य त्या अटींमध्ये कुठे ना कुठे असतंच, आणि आपण सगळ्यांनी 'मान्य आहे' वर टिक केलेलं असतं.

हा प्रकार मुळात सुरू झाला तो कंप्युटरमुळेच. अमेरिकन एअरलाइन्सकडे सेबर नावाची बुकिंगची संगणक यंत्रणा होती. तिच्यातून वारंवार प्रवास करणारे लोक शोधून त्यांनी १ मे १९८१ रोजी 'अ‍ॅडव्हांटेज' ही योजना सुरू केली. हिशेब सोपा होता: विमानात रोज काही जागा रिकाम्या जातातच, त्या नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिल्या तर खर्च फारसा नाही. काही दिवसांतच युनायटेडनेही तेच केलं. १९८७ मध्ये अ‍ॅडव्हांटेजचं सिटीबँकेबरोबर क्रेडिट कार्ड आलं आणि विमानात पाऊल न ठेवताही मैल जमू लागले. माझ्या मते सगळा घोळ इथून सुरू होतो. रिकाम्या जागा मोजक्याच असतात, पण पॉइंट किती वाटायचे याला मर्यादा उरली नाही.

पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये, अमेरिकनने नियम बदलले: पॉइंटवरच्या जागांवर मर्यादा आणि काही तारखा बंद, तेही आधी साठवलेल्या मैलांनासुद्धा लागू. लोक कोर्टात गेले. प्रकरण थेट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९९५ मध्ये निकाल लागला: राज्यांच्या ग्राहक फसवणूकविरोधी कायद्याखाली दावा चालणार नाही, पण कंपनीने स्वतः दिलेला शब्द मोडला असेल तर करारभंगाचा दावा करता येईल. ऐकायला बरं वाटतं. पण करारातच 'आम्ही बदल करू शकतो' असं लिहिलं असेल तर मोडायला शब्द कुठला राहतो?

आता हिशेबाच्या वह्यांकडे बघू, कारण खरं कारण तिथे आहे. आपल्याला पॉइंट म्हणजे बक्षीस वाटतं, कंपनीच्या ताळेबंदात मात्र ते देणं असतं. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या इंड-एएस ११५ या लेखा मानकानुसार तिकिटाच्या पैशातला काही भाग पॉइंटसाठी बाजूला दाखवावा लागतो. पॉइंट वापरले गेले किंवा बुडाले की मगच तो भाग उत्पन्नात येतो. आता बघा, साठलेले कोट्यवधी पॉइंट म्हणजे पुढच्या फुकट तिकिटांचा डोंगर. तो कमी कसा करायचा? मुदत लावता येते, किंवा तिकिटाला लागणारे पॉइंट वाढवता येतात. मुदत संपली की लोक चिडतात, ओरडतात. पॉइंट वाढवले तर तिकीट काढायला बसेपर्यंत कुणाच्या लक्षातही येत नाही.

दुसरीकडे हेच पॉइंट बँकांना घाऊक विकून कंपन्या रोख कमावतात. २०२० मध्ये कोविडमुळे विमानं जमिनीवर असताना युनायटेडने आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून कर्ज उभारलं. तेव्हा योजनेचं मूल्यांकन दाखवलं होतं सुमारे २२ अब्ज डॉलर, जे शेअर बाजारातल्या अख्ख्या युनायटेडच्या किमतीपेक्षा जास्त होतं!

आधी किती अंतराला किती पॉइंट याचा तक्ता असायचा. काकांनी डायरीत उतरवून घेतला होता तो तसलाच. तक्ता बदलला की निदान आरडाओरडा व्हायचा. डेल्टाने २०१५ मध्ये आपले तक्ते वेबसाइटवरून काढले, युनायटेडने २०१९ मध्ये. आता त्या दिवशीचं भाडं, मागणी, उरलेल्या जागा बघून सॉफ्टवेअर पॉइंट ठरवतं, जसं पावसात रिक्षाचं अ‍ॅप भाडं वाढवतं. दर रोजच हलतो, त्यामुळे 'या तारखेला पॉइंटची किंमत घटली' असं बोट ठेवायला जागाच राहत नाही. मला हा तक्ता वाढवण्यापेक्षाही जास्त खटकणारा प्रकार वाटतो.

मिळकतीची बाजूही बदलली. पूर्वी अंतरावर पॉइंट मिळायचे, आता बऱ्याच ठिकाणी खर्चावर मिळतात. एअर इंडियाने २०२४ मध्ये फ्लाइंग रिटर्न्समध्ये हाच बदल केला. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली, क्लब विस्ताराचे पॉइंट एकास एक वळते झाले आणि योजनेचं नाव महाराजा क्लब झालं. 'एकास एक' वाचून अनेकांनी निःश्वास टाकला, पण त्याचा अर्थ फक्त आकडा तोच राहिला इतकाच. त्या आकड्यात काय मिळणार ते नवीन योजना ठरवते. २००६ पासून उडणाऱ्या इंडिगोने स्वतःची ब्लूचिप योजना आणली तीही २०२४ मध्येच, आणि तिथेही पॉइंट खर्चावरच मिळतात.

आपल्याकडे याहून मोठी भीती म्हणजे कंपनीच बंद पडणं. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली, मुंबईची जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला. जेटच्या प्रवाशांचं नशीब थोडं बरं, कारण जेटप्रिव्हिलेज ही वेगळी कंपनी होती आणि तिचा मोठा हिस्सा एतिहादकडे होता. ती त्याच वर्षी इंटरमाइल्स झाली आणि पॉइंट दुसरीकडे वापरता आले. पण ज्यांनी 'जेटने लंडन' असं ठरवून साठवले होते, त्यांचं ते विमान गेलं ते गेलंच.

कार्डावर साठवले तर सुरक्षित, असंही नाही. अ‍ॅक्सिस बँकेच्या मॅग्नस कार्डावर पाच पॉइंटचे चार विमान मैल मिळायचे. सप्टेंबर २०२३ पासून पाचाचे दोन झाले. एक गोष्ट मात्र खरी, बँकेतले पॉइंट एकाच विमान कंपनीला बांधलेले नसतात. म्हणून तिकिटाची जागा समोर दिसल्याशिवाय ते वळते करू नका. एकदा गेलेले परत येत नाहीत.

आणखी एक, जरा विषयाबाहेरचं. 'तुमचे पॉइंट आज रात्री संपणार, लगेच अ‍ॅप घ्या' असा मेसेज काकांनाही आला होता, सोबत एपीके फाइल. ती कधीही उघडायची नाही. पॉइंट संपतायत का ते बघायला खऱ्या अ‍ॅपमध्ये स्वतः जायचं. फाइल उघडून पैसे गेलेच, तर लगेच १९३० वर फोन करायचा.

त्या संध्याकाळी आम्ही दोघं दीड तास तारखा उलटसुलट करत बसलो. शुक्रवारऐवजी मंगळवारी निघून बुधवारी परत यायचं ठरवलं तर ५२,००० चे ४१,००० झाले. त्यात काकूंचं तिकीट काढलं, काकांचं रोख पैशात. उरलेल्या १९,००० पॉइंटचं काय करायचं विचारल्यावर काका म्हणाले, "पुढच्या वर्षासाठी ठेवू की." मी नको म्हटलं. डिसेंबरात भाच्याचं दिल्लीला लग्न आहे, त्यात ते लावून टाकले. पॉइंटला ५१ पैसे पडले, काकांनी ते स्वतः काढून डायरीत लिहिलं.